ताई, प्लेअर दुरुस्तीला टाकू नका (‘कूल रनिंग्ज’ची कॅनडाहून आलेली डीव्हीडी लागत नाही)

ताई, आधी एकच सांगतो. प्लेअर दुरुस्तीला टाकू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळच्या तुमच्या शाळेत मुलींच्या कबड्डी संघाला ‘कूल रनिंग्ज’ दाखवायचाय, म्हणजे जमैकाच्या बॉबस्लेड (बर्फाच्या उतारावरून घसरत जाणारी गाडी) संघावरचा तो विनोदी इंग्रजी पिक्चर. दिरांनी कॅनडातून डीव्हीडी पाठवली, पण शाळेच्या प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर ‘चेक रिजनल कोड’ येतं आणि पुढे काही हलत नाही. दुकानदार म्हणाला, ‘लेन्स गेली, ठेवून जा.’ हे शेवटचं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. अगदी हेच मीही ऐकलंय आणि त्यापायी मंडळाचे पैसे घालवून बसलोय.

रिजन म्हणजे डीव्हीडीसाठी जगाचे पाडलेले भाग. प्रत्येकाला आकडा असतो, आणि एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या प्लेअरवर सहसा लागत नाही. अमेरिका-कॅनडा १, आपण ५. पाकिटाच्या मागे पृथ्वीच्या गोळ्यात आकडा छापलेला असतो तो बघून घ्या, १ च असणार. मुद्दा असा, की लेन्स खरोखर गेली असती तर प्लेअरला डिस्क वाचताच आली नसती. ‘नो डिस्क’ आलं असतं, नाहीतर नुसती घरघर. रिजन जुळत नाही हे सांगायलासुद्धा त्याला डिस्क वाचावी लागते. म्हणजे लेन्स ठणठणीत आहे. इतकी सरळ गोष्ट, पण काउंटरपलीकडच्या माणसाला ती पटवून देणं मला जमलं नाही.

आमची वाडी मालवण तालुक्यात. मंडळाची अंडरआर्म क्रिकेटची टीम होती, पहिल्या फेरीतच घरी परतण्यात नाव कमावलेली. गणपतीला मावसभाऊ अमेरिकेतून आला तो हीच डिस्क घेऊन. म्हणाला, पोरांना दाखव, जरा हसतील तरी. प्लेअर मंडळाचा, वर्गणीतून घेतलेला, वॉरंटीतला. तुमच्यासारखाच मेसेज आला. वॉरंटी आहे तर हक्काच्या ठिकाणी न्यावा, म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठलं. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही.

काउंटरवरच्या गृहस्थांना मी पडद्यावरचा मेसेज कागदावर लिहून दिला होता. त्यांनी तो वाचला नाही, पावतीला टाचून ठेवला. डिस्कही सोबत दिली होती. पहिल्यांदा लेन्स बदलली. ती वॉरंटीत बसत नाही म्हणे, कारण ‘दमट हवेमुळे झालेलं नुकसान’. कोकणात राहणाऱ्या माणसाला हे कारण सांगायचं! मग इथे विकता कशाला? पैसे भरले, घरी आणला, मेसेज तोच. परत नेला. आता म्हणाले बोर्ड गेलाय. त्यात दिवाळी गेली. प्रत्येक वेळी प्लेअरवर ‘ओके टेस्टेड’ असा गोल स्टिकर लागून यायचा. शेवटी सगळं मिळून बिल असं झालं, की नाकापेक्षा मोती जड.

टेस्ट कशावर करता, असं एकदा जरा आवाज चढवून विचारलं. तर त्यांच्याकडे हिंदी गाण्यांची एक डिस्क होती, दुकानात दिवसभर तीच वाजायची. प्रत्येक प्लेअर तिच्यावरच तपासायचे. माझी डिस्क त्यांनी एकदाही आत घातली नव्हती. ‘मशीन बरा आसा, तुमची डिस्कच डुप्लिकेट आसा,’ हे उत्तर. सीलबंद पाकीट मी स्वतः फोडलेलं! आणि तो माझा कागद प्लेअरबरोबर परत आला, टाचणीसकट, घडीसुद्धा न मोडलेला. वरती तक्रार केली तर तिथून पत्र आलं, की आमच्या नोंदीप्रमाणे उपकरण सुस्थितीत आहे. बरोबरच आहे की. ते सुस्थितीत होतंच, पहिल्या दिवसापासून.

कुलूप दुसऱ्या किल्लीचं आहे म्हणून कुणी दाराची चौकट बदलायला घेतं का? तिथे तेच चाललं होतं, आणि सुतारकामाचे पैसे आम्ही देत होतो.

असो. शिमग्याला एक चाकरमानी पोरगा आला, मुंबईत केबलवाल्याकडे कामाला असलेला. त्याने रिमोटवर काही आकडे दाबले, पडद्याच्या कोपऱ्यात ५ आला होता त्याचा ० केला आणि पिक्चर सुरू झाला. स्क्रू ड्रायव्हर नाही, काही नाही.

तेव्हा तुम्हीही तेच करायचं. बऱ्याच प्लेअरमध्ये हा लपवलेला मेन्यू असतो. सहसा ट्रे उघडा ठेवून, डिस्क काढून, रिमोटवर ठरावीक आकडे दाबायचे असतात. प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे, त्यामुळे माझे तुम्हाला चालणार नाहीत. ० म्हणजे बहुधा सगळे रिजन. पण काही अमेरिकन डिस्का ० वाल्या प्लेअरला ओळखतात आणि चालत नाहीत, तेव्हा सरळ १ लावायचा. काम झालं की पुन्हा ५ किंवा ०. वॉरंटीवर परिणाम होतो की नाही ते तुमच्या कार्डावर बघा, मी त्याची हमी घेत नाही.

काही जण सांगतील की पेन ड्राइव्हवरून फर्मवेअर (प्लेअरच्या आतला, त्याला चालवणारा प्रोग्रॅम) बदला. माझं स्पष्ट मत: आपल्याकडे करू नका, पावसाळ्यात तर मुळीच नको. मधेच लाईट गेली तर प्लेअरचा दगड होतो, आणि मग मात्र खरंच सर्व्हिस सेंटर. करायचंच असेल तर इन्व्हर्टरवर करा.

शाळेच्या संगणकावर लावून बघू, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. चालेल, पण जपून. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रिजन फक्त ५ वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा, विंडोज नव्याने टाकलं तरी उपयोग नाही, कारण ती मोजणी ड्राइव्हच्या आत असते. त्यामुळे ‘बदलायचा का?’ अशी खिडकी आली की पोरांना ‘ओके’ दाबू देऊ नका. आमच्या इथल्या संगणक वर्गातल्या ड्राइव्हचं असंच झालंय, तो आता जन्माचा अमेरिकन. आधी व्हीएलसी या संगणकावरच्या प्लेअर प्रोग्रॅममध्ये लावून बघा. त्यात बरेचदा रिजनला न विचारता डिस्क चालते, पण सगळ्याच ड्राइव्हवर चालेल असं नाही.

चित्र काळं-पांढरं किंवा गरगरतं दिसलं तर पुन्हा लेन्सच्या नावाने कुणाला बोलावू नका. डिस्क एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडच्या टीव्ही पद्धतीची आहे (आपल्याकडची पाल), सेटअपमध्ये टीव्ही टाइप ‘ऑटो’ करा. यावरून आठवलं. पाल डिस्कवर हा पिक्चर ९४ मिनिटांच्या आसपास भरतो आणि तुमच्यावर ९८, म्हणून कुणी म्हणेल की एकात सीन कापलेत. कापलेले नाहीत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, पाल २५ नी पळवतो, म्हणून तो लवकर संपतो. तुमची डिस्क मूळ चालीची आहे, तीच बरी.

आणि प्लेअर जूनपासून कपाटात असेल तर बाहेर काढल्या काढल्या डिस्क घालू नका. रिकामा चालू करून तासभर ठेवा, आतला ओलावा जाऊ दे. डिस्क पुसायची ती मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

आता पिक्चरबद्दल. खरं तर हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पोस्टमध्ये ‘खरी गोष्ट आहे, मुलींना प्रेरणा मिळेल’ असं वाचलं म्हणून लिहितो. खरं त्यात आहे ते एवढं: १९८८ च्या फेब्रुवारीत कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जमैकाचा चार जणांचा बॉबस्लेड संघ उतरला आणि तिसऱ्या फेरीत त्यांची गाडी उलटली. बाकी पुष्कळसं डिस्नेने १९९३ मध्ये रचलेलं. पिक्चरमध्ये ऑलिंपिकच्या निवडीत धडपडलेले धावपटू संघात येतात. प्रत्यक्षात माणसं मुख्यतः जमैकाच्या सैन्यातून घेतली. डेव्हन हॅरिस सैन्यातला अधिकारी, आणि गाडी हाकणारा डडली स्टोक्स सैन्याच्या हेलिकॉप्टरचा वैमानिक. डडलीचा भाऊ ख्रिस तर भावाला बघायला म्हणून आलेला आणि ऐन वेळी संघात घेतलेला. जॉन कँडीने केलेला फसवाफसवीचा डाग लागलेला प्रशिक्षक काल्पनिक. बाकीचे संघ त्यांना पाण्यात पाहतात असं दाखवलंय, तेही उलट. इतर देशांच्या लोकांनी त्यांना सामानासकट मदत केली होती. आणि शेवटी गाडी खांद्यावर घेऊन जायचा जो सीन आहे, ज्याला आमच्या वाडीत शिट्ट्या पडल्या, तोही रचलेला. खरे खेळाडू गाडीच्या बाजूने चालत बाहेर आले.

हे मुलींना पिक्चर संपल्यावर सांगा, आधी नको. आणि जमलं तर पुढचंही सांगा, जे पिक्चरमध्ये नाही: १९९४ ला लिलेहामरमध्ये जमैकाचा चार जणांचा संघ १४ वा आला, अमेरिकेच्या पुढे. माझ्या मते मुलींना खांद्यावरच्या गाडीपेक्षा हे जास्त पटेल. बर्फ नसलेल्या देशाच्या संघाने ६ वर्षं सराव करत राहायचं, हे मॅट नसलेल्या शाळेतल्या मुलींना वेगळं समजवावं लागत नाही.

भाषेचं म्हणाल तर जमैकन इंग्रजी मुलींना झेपणार नाही. पण प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगू नका, हसायच्या जागा मरतात. सुरुवातीची गोष्ट आधी पाच मिनिटांत सांगून टाका, इंग्रजी सबटायटल चालू ठेवा आणि गप्प बसा. चाकांच्या गाडीवरून उतारावर सराव, थंडीची सवय व्हावी म्हणून आइस्क्रीमच्या गाडीत जाऊन बसणं, याला भाषा लागत नाही. एक मात्र आहे, मधे बारमधली मारामारी येते. मुख्याध्यापकांना आधीच कानावर घालून ठेवा.

कुणी ‘डॉजबॉल’ हा दुबळ्या संघावरचा दुसरा विनोदी पिक्चर सुचवेल. तो मुलींना नको, विनोद मोठ्यांचे आहेत. स्वतःसाठी बघायचा तर डिस्कवर बघा. २००४ चा तो पिक्चर आधी दुबळा संघ हरतो असा संपत होता. चाचणीच्या प्रेक्षकांना ते रुचलं नाही म्हणून जिंकवलं, आणि मूळ शेवट डीव्हीडीवर वेगळा दिला. यासाठी डिस्क जपायच्या असं माझं म्हणणं. ‘आता डिस्क कोण बघतं, ऑनलाइन बघा’ हा सल्ला इथे येणारच. ज्यांच्या गावात पावसात रेंज टिकते त्यांनी खुशाल बघावं.

कायद्याचं कुणीतरी खाली काढेलच म्हणून: पाकिटावर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असतं. मी वकील नाही. माझ्या समजुतीप्रमाणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये शाळेला सवलत आहे, बघणारे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. म्हणजे वर्गात लावा, पण तोच पिक्चर शिमग्याच्या मांडावर गावासाठी लावायचा तर वेगळी परवानगी लागते. तिकीट तर लावूच नका.

आणि तरीही दुरुस्तीला न्यायची वेळ आलीच, तर डिस्क नुसती देऊन येऊ नका. त्यांच्या टीव्हीवर, तुमच्यासमोर, तुमची डिस्क लावून मेसेज दाखवा. तो दाखवल्याशिवाय पावती करू देऊ नका, आणि पावतीवर तक्रार म्हणून तोच मेसेज जसाच्या तसा लिहून घ्या. ‘चालत नाही’ असं लिहिलं की ते काहीही बदलायला मोकळे.

प्लेअरच्या मागे स्टिकर असेल, त्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर इथे टाका, शेवटच्या अक्षरांसकट. रिमोट मूळचाच आहे की बाजारातून घेतलेला, तेही सांगा. साध्या युनिव्हर्सल रिमोटने तो मेन्यू बरेचदा उघडत नाही.