जुनी फियाट घ्यायची, तर दहा हजार खर्चून आधी तपासायची का?

त्रिमूर्तीनगर, नागपूरहून एका वाचकांचं पत्र आहे. 1978ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपण जिला फियाट म्हणतो ती, मुंबईत चेंबूरला उभी आहे, मालक 2,80,000 मागतात. वडिलांकडे अशीच गाडी होती, म्हणून जीव अडकलाय. ओळखीचे मिस्त्री सोबत यायला तयार आहेत. त्यांची मजुरी आणि दोघांचं विदर्भ एक्स्प्रेसने जाणं-येणं मिळून 10,000 लागतील. मेहुणे म्हणतात, व्हिडिओत गाडी चकाचक दिसते, उगाच पैसे का घालवता? मालकांना 25,000 बयाणा आजच हवाय. जवळ 8 लाखांची एफडी, घरखर्च महिन्याला 45,000, घराचा हप्ता 21,000.

मिस्त्रींना न्याच. पण तिकीट काढण्याआधी आपला हिशेब मांडू.

घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 66,000. सहा महिन्यांचे 3,96,000 एफडीत राहिलेच पाहिजेत, त्याला गाडीसाठी हात लावायचा नाही. उरले 4,04,000. त्यातून तपासणीचे 10,000 काढा. ट्रकने गाडी आणणं, नावावर करणं, विमा यासाठी 40,000 धरा. पहिल्या वर्षात काही ना काही निघणारच, त्याचे 50,000. राहिले 3,04,000. गाडीची किंमत आणि दिसणारं काम, दोन्ही यात बसायला हवं. म्हणजे 2,80,000 मोजलेत, तर कामाला फक्त 24,000 उरतात. मिस्त्रींनी 70,000चं काम काढलं, तर तुमची किंमत 2,34,000. तपासणीचा खरा उपयोग हा आहे. गाडी चांगली की वाईट एवढंच विचारून परत येऊ नका, कामाचा आकडा घेऊन या.

व्हिडिओत रंग दिसतो, पत्रा दिसत नाही. या फियाटला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा नाही, सगळा भार बॉडीच पेलते. त्यामुळे खालचा पत्रा कुजला असेल तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीच्या मजबुतीचा होतो. चेंबूरची खारी हवा आणि तिथला पाऊस खाल्लेल्या गाडीत हे हमखास बघायचं. मॅट उचलून फ्लोअर, दारांखालची पट्टी, डिकीत स्टेपनीखालची जागा, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) जोड. साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकडणार नाही तिथे पुट्टी भरलीय. चकाचक रंगाखाली पुट्टीचा जाड थर निघाला, तर मिस्त्री काय सांगतात ते नीट ऐका, कारण पत्राकामाचा अंदाज वाढतच जातो.

मालकांना आधीच सांगून ठेवा, आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर गाडी आधीच सुरू केलेली असणार. थंड इंजिन सुरू करताना निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय. अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये चालवा, बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करा. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45च्या वर जातो. मुंबईत गरम झाल्यावर कुरकुरणारी गाडी इथे व्हेरायटी चौकाच्या सिग्नललाच बसेल. पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलायचे धरूनच चला. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही.

कागद मात्र घरबसल्या बघता येतात, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. आरसीचा फोटो मागवा. मुदत संपलीय का, कर्जाची नोंद आहे का, चलान बाकी आहेत का? खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि 20 वर्षांवरच्या कारसाठी ही फी ऑगस्ट 2025मध्ये 10,000 झाली. मुदत संपली असेल तर हा खर्च मालकांनी करायचा, हे आधीच ठरवून घ्या. इंजिन आणि चॅसी नंबर गाडीवर जाऊन आरसीशी जुळवा. कोणी डिझेल इंजिन बसवलं असेल आणि त्याची आरसीवर नोंद नसेल, तर सौदा तिथेच सोडा.

‘विंटेज नंबर मिळेल’ असं मालक म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. विंटेज नोंदणी 50 वर्षांवरच्या गाडीला मिळते. 1978ची गाडी 2028मध्ये तिथे पोचेल. नव्याने नोंदणीची फी 20,000. आणि ती नोंदणी झाली की रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच. तुम्हाला तर रविवारी आईला टेकडी गणपतीला न्यायचंय. म्हणून या नंबरपोटी एक रुपयाही जास्त देऊ नका.

तपासणीचे दहा हजार आजच गेले असं समजा. नाहीतर होतं काय, माणूस एवढ्या लांब जातो, खर्च करतो आणि मग रिकाम्या हाताने परतणं जिवावर येतं म्हणून वाईट गाडीही घेऊन येतो. मिस्त्री नको म्हणाले तर परतीच्या गाडीत बसा. ती मजुरी वाया गेली नाही, तिने तुमचे तीन लाख वाचवले.

बयाणा आज पाठवू नका. मालकांना एवढंच लिहा: ‘गाडी आवडली आहे. येत्या शनिवारी मिस्त्रींना घेऊन येतो. निघालेल्या कामाचा खर्च किमतीतून कमी करायला तयार असाल तर कळवा, म्हणजे तिकीट काढतो. पसंत पडली तर बयाणा तिथेच, लेखी पावतीवर देईन.’ त्यांनी नाही म्हटलं, तर तुमचे ते दहा हजारही वाचले.