पृथ्वीचं चुंबकीय कवच गेलं तर? या भीतीने झोप उडालेल्या एका मुलाची केस

"पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी होत चाललंय, ते गेलं की अंतराळातलं रेडिएशन थेट आपल्या अंगावर येणार" ही भीती घेऊन मुलं येतात माझ्याकडे, आणि आईबाबा त्यांच्याहून जास्त गोंधळलेले असतात कारण काय उत्तर द्यायचं हेच त्यांना कळत नसतं. अशाच एका सोळा वर्षांच्या मुलाबद्दल लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

हा मुलगा रात्री दोन-दोन वाजता उठून मोबाईलवर केपी इंडेक्स बघायचा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्या वेळी किती ढवळलं गेलंय ते सांगणारा हा ० ते ९ असा आकडा असतो, ५ किंवा त्याच्या वर गेला की चुंबकीय वादळ म्हणतात. तर तो लाल रंगातला ५ दिसला रे दिसला की याच्या छातीत धडधड, हात गार, डोकं ठणकायला लागायचं, आणि म्हणायचा, "मॅडम, हे रेडिएशनमुळेच होतंय, तुम्ही आईला सांगा." आई म्हणाली, आम्ही सांगून सांगून दमलो की असलं काही नसतं.

आता "असलं काही नसतं" हे अशा मुलांपुढे अजिबात टिकत नाही, कारण त्यांनी वाचलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं खरं असतं. गेल्या २०० वर्षांत क्षेत्र सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास घटलंय, खरं आहे. दक्षिण अटलांटिकच्या भागात ते बरंच कमजोर आहे आणि तिथून जाताना उपग्रहांच्या यंत्रणा गडबडतात, हबल दुर्बीण तर त्या पट्ट्यात निरीक्षणं थांबवते, तेही खरं. मी हे सगळं मान्य केलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत जरा मागे टेकून बसला.

मग आम्ही कागद-पेन घेतलं. त्याच्या डोक्यात कवच म्हणजे भिंत होती, भिंतीला भोक पडलं की खेळ खल्लास. पण चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, वळवतं. सूर्याकडून येणारा सौर वारा म्हणजे मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन, वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर, आणि चार्ज असलेला कण क्षेत्रात शिरला की त्याला बाजूने रेटा बसतो, मग तो गोल गोल फिरायला लागतो, सरळ आत येऊच शकत नाही. सूर्याच्या बाजूला ही हद्द जवळपास ६० हजार किलोमीटर लांब आहे. आणि हे सगळं तयार होतं आपल्या पायाखाली २,९०० किलोमीटरच्याही खाली, उकळत्यासारख्या ढवळणाऱ्या पातळ लोखंडात. लगेच त्याचा प्रश्न, "मग ते लोखंड थांबलं तर?"

छान प्रश्न होता, आणि उत्तर हवेत आहे. आपल्या डोक्यावर दर चौरस मीटरला साधारण १० टन हवा आहे, म्हणजे १० मीटर खोल पाण्याखाली उभं राहिल्यासारखं, आणि अंतराळातल्या रेडिएशनचा फार मोठा भाग ही हवाच गिळते. सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वी क्षेत्र आजच्या एक-दशांशाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली गेलं होतं, तेव्हा माणसं होती आणि ती राहिली. चुंबकीय उत्तर-दक्षिण ध्रुवांची शेवटची पूर्ण अदलाबदल सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची, आणि अशी अदलाबदल व्हायला हजारो वर्षं जातात, एका रात्रीत होत नाही. मंगळाचं त्याने स्वतःच काढलं, तिथे तर क्षेत्रच नाही ना, मग मी म्हटलं हवा किती आहे ते बघ, आपल्या एक टक्क्याहून कमी दाबाची, म्हणून तिथे रेडिएशन जमिनीपर्यंत पोचतं. शुक्राला स्वतःचं क्षेत्र नाही पण हवा इतकी जाड की जमिनीवर ते पोचतच नाही म्हटलं तरी चालेल.

सौर वादळाचा, म्हणजे सूर्यावरच्या उद्रेकाने पृथ्वीच्या क्षेत्रात उठणाऱ्या त्या वादळाचा, जमिनीवर खरा फटका कुणाला, तर विजेच्या तारांना. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्विबेकची वीज ९ तास गेली होती, जमिनीवरच्या माणसांना रेडिएशनचा त्रास झाला नव्हता. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला.

पण एवढ्याने झोप येत नाही, हे मी आईबाबांना सांगतेच. माहितीने भीतीचा विषय कळतो, शरीराला लागलेली सवय तशीच राहते. म्हणून वहीत त्याच्याच अक्षरात त्याचा अंदाज लिहून घेतला, "केपी ५ झाला की डोकं दुखतं." रोज रात्री डोकं किती दुखलं ते ० ते १० मध्ये लिहायचं, केपी बघायचा नाही, आणि आठवड्याचे आकडे माझ्यासमोर दिवसा जुळवायचे. पहिले काही दिवस फार जड गेले त्याला, आईकडे फोन देऊन झोपायचा आणि मध्येच उठून मागायचा. जुळवलं तेव्हा दिसलं की केपी १ असतानाही डोकं दुखलंय आणि एका वादळाच्या रात्री तो गाढ झोपलाय, दुखण्याच्या बहुतेक रात्री मात्र जागरणाच्या होत्या. ते त्याने शोधलं, मी काही बोलले नाही.

तुमच्या घरी असं असेल तर मुलाला गप्प करू नका, त्याने काय वाचलंय ते त्याच्यासोबत बसून वाचा, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पण दोन-तीन आठवडे झोप नीट नसेल, शाळा टाळली जात असेल, छातीत धडधड वारंवार होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि सोबत समुपदेशकालाही भेटा, वाट बघत बसू नका.