यांना धाक कसा बसेल?

प्रश्न : ताई, माझे मिस्टर ५४ वर्षांचे, पतसंस्थेत नोकरीला आहेत. अकरा वर्षांपासून शुगर आहे, दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ९.४ आली. डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं, तर यांनी फाइलच कपाटावर टाकून दिली. मी घरातली साखर बंद केली, भात बंद केला, तरी स्कूटरच्या डिकीत पेढ्यांचा रिकामा बॉक्स सापडला. मे महिन्यात पुतण्याच्या लग्नात यांच्या पानात जिलबी पडली. मी ती उचलून घेतली आणि वाढप्याला सांगितलं, 'यांना शुगर आहे, वाढू नका.' तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. दुपारी उशिरा जेवायला घरी येतात ते चिडलेलेच. तसे दोन वर्षांपासून बाहेरच्या खोलीतच झोपतात. काळजीनं माझा जीव टांगणीला लागलाय. यांना धाक कसा बसेल?
– एक भगिनी, सांगली

ताई, धाक त्यांना बसलेलाच आहे. ज्याला काहीच वाटत नाही तो रिपोर्ट टेबलावर उघडा टाकतो. कपाटावर, नजरेआड ठेवतो तो घाबरलेला असतो.

अकरा वर्षं ही थोडी नाहीत. मधुमेहाला रविवार नाही की दिवाळीची सुट्टी नाही. गोळ्या, जेवणाच्या वेळा, चालणं, आणि शिवाय चहाच्या टेबलावर प्रत्येकाचं 'अहो, तुम्हाला चालतं का हे?' इतकं करूनही आकडा वर गेला की माणसाला वाटतं, मरू दे, करून तरी काय उपयोग! या थकव्याला डॉक्टर 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. तो मोजण्यासाठी १९९५ साली अमेरिकेत वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, ती आजही जगभर वापरतात. काय खावं हे लोक सांगत राहिले की अवघडल्यासारखं होतं का, घरच्यांची साथ नाही असं वाटतं का, हेही त्यात विचारलेलं आहे. म्हणजे तुमच्या पंगतीतला तो प्रसंग घरोघरचा आहे. म्हणूनच तुम्हाला दोष देणार नाही. जिलबी तुम्ही मायेपोटीच उचललीत. पण भावकीसमोर, वाढप्यासमोर त्यांच्या आजाराचा पुकारा झाला, आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं. 'त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, माझं चुकलं,' एवढं एकदा म्हणा. पुढे 'पण तुम्हीसुद्धा' जोडू नका.

आता दुपारच्या चिडचिडीचं. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही आहे. दोन गोळ्यांपैकी एक ग्लिमेपिराइड किंवा त्या जातीची असेल, तर जेवणाला उशीर झाल्यावर साखर खाली घसरू शकते. तीन महिन्यांची सरासरी ९.४ असली तरी मधल्या वेळात ती उतरू शकते. मग घाम येतो, हात थरथरतात, डोकं दुखतं, आणि माणूस कारण नसताना खेकसतो. अशा वेळी गोडाची जबर इच्छाही होते. त्यात तुम्ही भात बंद केलात आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या. पेढ्यांच्या बॉक्समागे हेही असू शकेल. तर्क करत बसू नका, दुपारी आल्या आल्या मशीनवर साखर बघायला सांगा. स्ट्रिप्सची तारीख उलटलेली नाही ना, ते आधी पाहून घ्या. आकडा ७० च्या खाली दिसला तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि डॉक्टरांना कळवा. त्यासाठी घरात साखर लागेल. डबा परत ओट्यावर आणा. भाताचं काय करायचं ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून दोघांनी मिळून ठरवा. सणासुदीला पानात जिलबीचा एक वेढा बसवताही येतो. पूर्ण बंदी केली की माणूस डिकीत लपवायला लागतो.

इन्सुलिनबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय : एकदा सुई लागली की संपलं. काही डॉक्टरही 'पथ्य पाळलं नाहीत तर इन्सुलिन लावीन' असं दटावतात, मग ती शिक्षा वाटणारच. खरं तर या प्रकारच्या, म्हणजे टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद वर्षागणिक कमी होत जाते. ब्रिटनमध्ये वीस वर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की आजाराचं निदान होतं त्या दिवशीच ही ताकद जवळपास निम्मी गेलेली असते. अकरा वर्षांनी बाहेरून इन्सुलिन लागलं तर त्यात त्यांचा नाकर्तेपणा कुठे आला? हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. पेनची सुई किती बारीक असते तेही तिथे हातात घेऊन बघू द्या. नुसत्या कल्पनेतली सुई फार मोठी असते.

बाहेरच्या खोलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मधुमेह असलेल्या पुरुषांमध्ये लैंगिक ताठरता कमी होण्याची तक्रार इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो म्हणून. बहुतेक पुरुष हे बायकोलाही सांगत नाहीत, आधी अंथरूणच वेगळं करतात. तुमच्याकडे तेच असेल असं मी म्हणत नाही. पण असलं तर त्यावर उपचार आहेत, आणि हृदयाची तपासणीही करून घ्यावी लागते. डॉक्टरांकडे जाल तेव्हा पाच मिनिटं तुम्ही बाहेर बसा, त्यांना एकट्याला बोलू द्या.

पहारा सोडायचा म्हणजे काळजी सोडायची असं मुळीच नाही. त्यांना विचारा : 'मी काय केलं तर तुम्हाला सोपं जाईल?' उत्तर पहिल्या दिवशी मिळणार नाही, कदाचित 'काही नको' म्हणतील. आठवड्यानं पुन्हा विचारा. मशीनवर २६० दिसलं तर 'काय खाल्लंत?' हा प्रश्न गिळा, आणि 'आज दमलात का?' असं विचारा. तणावानंही साखर चढते, ते काही बहाणा करत नसतात. जेवल्यावर दोघं एकत्र चालायला जा, पण त्या वेळात आजाराचा विषय काढायचा नाही.

एक मात्र नीट बघा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडालेली, भूक मेलेली, कशातच मन नाही, 'आता जगून काय करायचं' अशी भाषा, असं काही असेल तर तो नुसता थकवा समजू नका. ते नैराश्य असू शकतं. मधुमेहींमध्ये ते इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. त्यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही लागू पडतात. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्यांनी नाही केला तर तुम्ही फोन करा, घरच्या माणसांनीही केलेला चालतो. आणि मरणाची गोष्ट स्पष्ट काढली तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

तुमच्याविषयी पत्रात फक्त जीव टांगणीला लागलाय एवढंच आहे. तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलं? त्यांची साखर तपासायला जाल त्याच सकाळी तुम्हीही उपाशीपोटी जा, आणि तुमचा रिपोर्ट आधी त्यांच्या हातात द्या.