गोव्यात राहून सतत विमानप्रवास करावा लागतो, तर पोहण्याचा सराव कसा टिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन पणजीत आलात, महिन्यातून दोन-तीनदा विमानाने बाहेरगावी जावं लागतं, आणि पोहण्यात जरा कुठे लय सापडते तोच दौरा येतो आणि सगळं विस्कटतं. त्यात कुणीतरी सांगितलं की विमानात बसायच्या दिवशी पोहायचं नसतं. मी सांतिनेजला राहते, औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम करते. माल पुरवणाऱ्या कारखान्यांची तपासणी हा नोकरीचाच भाग, त्यामुळे हैदराबाद, अहमदाबाद, मुंबई चालूच असतं. स्पर्धेत उतरणारी मी नाही, पण पोहणं हा माझ्या दिवसाचा सगळ्यात आवडता तास आहे आणि तो मी सहजासहजी सोडत नाही.

आधी त्या भीतीबद्दल. विमानाच्या दिवशी पोहू नये हा नियम पोहणाऱ्यांसाठी नाही, स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे ग्रँड आयलंडला डायव्हिंगसाठी बोटी जातात, तिथून ही गोष्ट कानोकानी पसरली असावी. सिलिंडरमधली हवा घेत खोल गेलं की दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. तो सावकाश बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकाच साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास थांबायला सांगतात. तलावात किंवा समुद्राच्या पृष्ठभागावर पोहताना आपण नेहमीच्या दाबाची हवा घेतो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. सकाळी पोहून दुपारच्या विमानात खुशाल बसा.

कानाचं मात्र खरंच बघावं लागतं, पण कारण वेगळं. विमान उंचावर असताना केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. उतरताना तो वाढत जातो, आणि कानाच्या पडद्यामागची पोकळी व घसा यांना जोडणारी बारीक नळी उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो. कळ येते ती त्याने. चढताना सहसा एवढा त्रास होत नाही, उतरताना होतो. पोहताना कानात गेलेलं पाणी पडद्याच्या बाहेर असतं, त्याचा या नळीशी संबंध नाही. पण सर्दी असेल, नाक चोंदलेलं असेल, तर तीच नळी सुजलेली असते. अशा वेळी तलावातलं क्लोरीन नाकाला आणखी झोंबतं आणि वरून विमान. म्हणून माझा नियम साधा आहे: सर्दी असेल त्या दिवशी पोहणं बंद, प्रवास टाळता येत नसेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. एरवी विमान खाली यायला लागलं की जागं राहायचं, गोळी चघळायची, घोट घोट पाणी प्यायचं, आणि तरी दडा बसला तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून अगदी हलका दाब द्यायचा. जोर लावायचा नाही. पोहण्याचे घट्ट सिलिकॉनचे प्लग विमानात घालू नका, ते पाणी अडवण्यासाठी असतात, दाबासाठी नाहीत.

गोव्याच्या दमट हवेत बाहेरच्या कानाचं दुखणं जास्त सतावतं, विशेषतः पावसाळ्यात. कान ओला राहिला की आतली त्वचा मऊ पडते आणि जंतू किंवा बुरशी धरते. ओळखायची खूण अशी की कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दाबला किंवा पाळी ओढली की दुखतं. यावर सगळ्यात वाईट उपाय म्हणजे कापसाची काडी. ती आतला मळ काढून टाकते आणि मळ हेच तर कानाचं संरक्षण आहे, शिवाय कातडीला ओरखडे पडतात ते वेगळंच. मी तलावातून वर आल्यावर डोकं एका बाजूला कलवते, पाळी हलकेच मागे-वर ओढते आणि पाणी आपणहून गळू देते, मग दुसरी बाजू. पंचाचं टोक बाहेरून फिरवायचं. घरी हेअर ड्रायर सगळ्यात कमी गरमवर ठेवून हातभर अंतरावरून अर्धा मिनिट. औषधाचे थेंब मात्र मनाने घालू नका. पडद्याला भोक असेल तर काही थेंबांनी नुकसान होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. दौऱ्यानंतर लय का तुटते? दम लगेच कमी होत नाही. तीन-चार दिवसांत माणसाची ताकदही जात नाही. पहिली जाते ती पाण्याची पकड. रियाज सुटला की गळ्यातली ताकद राहते पण सूर किंचित सरकतो, तसं हे आहे. हात पाण्यात शिरतो, कोपर खाली पडतं, पंजा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग मिळून पाणी मागे ढकलायचं सोडून पाण्यातून नुसते निसटतात. माणसाला वाटतं दम गेला, म्हणून तो जोरात हात मारतो आणि खरोखर दमतो. हे मोजून बघता येतं. फ्रीस्टाइलला 50 मीटरच्या एका लांबीत तुमचे किती हात पडतात ते चांगल्या दिवशी मोजून ठेवा. दौऱ्यानंतर तोच आकडा वाढलेला दिसेल, वेळ मात्र तेवढीच किंवा जास्त.

यातून एकच गोष्ट निघते आणि मला ती मनापासून सांगायची आहे: अंतर भरून काढायच्या मागे लागू नका, पाण्याशी गाठ तुटू देऊ नका. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास पोहण्यापेक्षा पाच वेळा पंचवीस मिनिटं पोहणं फिरतीच्या माणसाला कितीतरी जास्त उपयोगी पडतं. हे मी दौऱ्यावरही पाळते. हॉटेलचा तलाव इतका लहान असतो की चार हात मारले की भिंत. तिथे फेऱ्या मोजत बसलं की चिडचिड होते. त्यापेक्षा छातीएवढ्या पाण्यात पालथं तरंगा, पाय हलवू नका, हात पुढे ठेवून फक्त मनगटं आत-बाहेर फिरवत स्कलिंग करा. तळव्यावर पाण्याचा दाब जाणवतोय का, एवढंच बघायचं. मग मुठी मिटून थोडं पोहा, मग मुठी उघडा. मुठी उघडल्यावर पंजा एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो आणि पाणी हाताला लागतं. वीस मिनिटं पुरतात. मीटिंगहून थकून आलेल्या संध्याकाळी एवढंच झेपतं आणि तेवढंच लागतं.

मोठ्या शहरात सार्वजनिक तलाव मिळाला तर उत्तमच. मुंबईत दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे. पण कुठल्याही शहरातल्या सरकारी तलावावर जायच्या आधी फोन करा. बऱ्याच ठिकाणी पाहुण्याला एका दिवसाचा प्रवेश मिळत नाही, कुठे मिळतो पण डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात, आणि महिलांची बॅच वेगळी असते. दिल्लीतले उघडे तलाव हिवाळ्यात बहुधा बंदच असतात. मी तब्येतीच्या दाखल्याची प्रत आणि दोन पासपोर्ट फोटो पोहण्याच्या पिशवीतच ठेवते. त्या पिशवीत बाकी काय? कॉस्च्युम, सिलिकॉनची टोपी, गॉगल कडक डबीत, पटकन वाळणारा पातळ टॉवेल, रबरी चपला, खोबरेल तेलाची लहान बाटली. पिशवी केबिनच्या सामानातच ठेवते. चेक-इन केलेली बॅग कधी उशिरा आली तरी पहिल्या संध्याकाळचं पोहणं बुडत नाही. ओला कॉस्च्युम टॉवेलमध्ये गुंडाळून घट्ट पिळला की जवळजवळ कोरडा होतो, मग झिपच्या पिशवीत. पोहोचल्या पोहोचल्या मात्र बाहेर काढून वाळत घाला, नाहीतर कुबट वास धरतो तो जाता जात नाही.

कातडीचं म्हणाल तर क्लोरीन आणि विमान दोन्ही कोरडं करतात. विमानातली हवा वाळवंटासारखी रूक्ष असते, आर्द्रता अनेकदा 20 टक्क्यांच्या खाली. पोहण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवा, भिजलेला केस तलावाचं पाणी कमी शोषतो. पोहून झाल्यावर अंघोळ करून अंग ओलसर असतानाच तेल लावा. लेन्स वापरत असाल तर तलावात अजिबात नको, आणि त्या दिवशी प्रवासातही चष्माच बरा. पाणी भरपूर प्या. पाण्यात घाम आलेला कळत नाही, पण येतो.

गोव्याचं म्हणून एक वेगळं गणित आहे, ते तुम्हाला नवीन असेल. आपल्याकडे विमानतळ दोन. दाबोळीचा मूळचा नौदलाचा, आणि पेडण्यातला मोप्याचा मनोहर विमानतळ, जिथून जानेवारी 2023 मध्ये विमानं सुरू झाली. तिकिटावर दाबोळीसाठी जीओआय आणि मोप्यासाठी जीओएक्स असं लिहिलेलं असतं, ते आधी बघा. पणजीहून एक दक्षिणेला, दुसरा उत्तरेला. चुकीच्या दिशेला निघालात तर विमान गेलंच म्हणून समजा. माझं माहेर पेडण्याचं, त्यामुळे पहाटेचं विमान मोप्याहून असलं की आदल्या दिवशी संध्याकाळी पोहून मी आईकडे मुक्कामाला जाते. तुम्हाला ती सोय नसेल, तर तिकीट काढतानाच दुपारनंतरचं विमान बघा. दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी सकाळचा तलाव हातात राहतो.

तलाव म्हणजे पणजीत कांपालचा. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतलं पोहणं इथेच झालं. सकाळच्या पहिल्या बॅचला पाणी गार आणि स्वच्छ असतं, लेन मोकळी मिळते. तिथून बाहेर पडलं की पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, गरम पोई (गोव्याचा गोल पाव), दोन उकडलेली अंडी, एक केळं. दाबोळीला जायचं असेल तर मी हे टॅक्सीतच खाते, जुवारीच्या नव्या पुलापर्यंत संपलेलं असतं. पोहल्यावर रिकाम्या पोटी विमानात बसू नका, भोवळ येते आणि वर मिळणारं सँडविच काही त्यावर उपाय नाही.

समुद्राचा मोह तुम्हाला होणारच, पणजीत राहून मिरामारचं पाणी रोज दिसतं. 2019 मध्ये आयर्नमॅन 70.3 या पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी स्पर्धेतलं 1.9 किलोमीटरचं पोहणं मिरामारलाच झालं होतं, त्यामुळे बऱ्याच हौशी लोकांना वाटतं की आपणही कधीही उतरावं. स्पर्धेच्या दिवशी बोटी, कयाक, जीवरक्षक सगळीकडे असतात. एरवी मिरामार म्हणजे मांडवीचं मुख आहे, ओहोटीला पाणी बाहेर ओढतं. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचंच नाही. इतर महिन्यांत जीवरक्षक हजर असताना, लाल झेंडा नसलेल्या भागात, सोबत एक तरी पोहणारा आणि कमरेला रंगीत फुगा बांधून. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाजूला व्हा आणि मग आत या. दौऱ्याहून थकून आलेल्या दिवशी तर समुद्र नकोच. झोप अपुरी असली की अंदाज चुकतो, आणि तलावात भिंत असते, समुद्रात नसते.

परतल्यावरचं पहिलं पोहणं कसं करायचं तेही सांगते, कारण बहुतेकांचं तिथेच बिनसतं. रात्री उशिरा उतरलात तर सकाळची बॅच सोडा, झोप घ्या, संध्याकाळी जा. घड्याळ लावू नका. दोनशे मीटर सावकाश, मग थोडं स्कलिंग, मग मिटलेल्या मुठींचं पोहणं, मग 50 मीटरच्या चार लांब्या फक्त हात मोजत. आकडा तुमच्या चांगल्या दिवसाच्या जवळ आला की बाहेर या, अजून पोहावंसं वाटलं तरी. दुसऱ्या दिवशी नेहमीचा सराव सुरू करा. तुम्ही कुठल्या बॅचला जाता आणि आठवड्यातले कुठले वार प्रवासात जातात ते लिहिलंत, तर त्याप्रमाणे वेळापत्रक बसवायला मी नक्की मदत करेन.