खालच्या मजल्यावरची गर्भारीण

सातवा महिना लागलाय, आईचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला. खालच्या मजल्यावरची डच बाईही गरोदर आहे, पण तिच्याशी बोलायचं काय, असं नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलवेनच्या एका मैत्रिणीने विचारलंय.

अगं, बोलायला विषय कशाला हवा? काम सांग तिला.

मी ॲमस्टरडॅमला आले तेव्हा शेजारच्या आजी सांगायच्या, त्यांचा जन्म मार्च १९४५चा. जर्मनांच्या ताब्यातल्या शहराचा तो शेवटचा हिवाळा. सप्टेंबर १९४४मध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, म्हणून जर्मनांनी धान्य अडवलं. ती अडवणूक सैल झाली तोवर कालवे गोठले. गॅस नाही, वीज नाही. माणशी शिधा दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींवर आला. गर्भवतींना एरवी जादा मिळायचं, ऐन कडाक्यात तेही मिळेना. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले, ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपटून जाळले.

आजींची आई आणि वरच्या मजल्यावरची बाई, दोघी पोटुशा. आधी जिन्यात मान हलवण्यापुरती ओळख. मग सार्वजनिक स्वयंपाकघराच्या रांगेत एकीने दोन्ही डबे घेऊन उभं राहायचं, दुसरीने घरी पाय वर करून पडायचं, उद्या उलट. ज्या घरी लाकूड, त्या घरची शेगडी पेटायची. पातळ सूप पळीने मोजून वाटायच्या. "पटायचं नाही हं दोघींचं फारसं," आजी हसून सांगायच्या. वरची फार देवदेव करायची म्हणे! मला या गोष्टीतलं हेच आवडतं.

तर तू उद्या खाली जा आणि विचार, क्रामझोर्खची, म्हणजे बाळंतपणानंतर घरी येणाऱ्या मदतनीस बाईची, नोंदणी तिने कुठे केली. तुझी राहिली असेल तर फारच उशीर झालाय. तिलाच शेजारी बसवून फोन लाव. जाताना अळिवाचे लाडू ने, दोनच. चव पटायला वेळ लागतो. डोहाळजेवणाला जरूर बोलाव, पण लगेच हिरवी साडी नेसवू नकोस, बिचारी घाबरेल.

तिचं बाळ झालं की ती टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळवलेले बडीशेपेसारखे दाणे पसरून देईल. त्याने दूध येतं अशी इथली जुनी समजूत, आपल्या बाळंतशोपेसारखीच. तिला तीही चाखायला दे.

आणि रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर तुझ्या थोरल्या लेकाला कुणाकडे ठेवायचं, ते आत्ताच बोलून घे. घराची एक किल्ली तिच्याकडे ठेव. तिचीही एक मागून घे.