वाचक विचारतात : नवं विंडोज आलंय, टाकू की थांबू?

प्रश्न : सर, माझं इचलकरंजीत डीटीपीचं छोटं काम आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं वगैरे. मशीन सहाव्या जनरेशनचं आय-फाइव्ह, त्यावर विंडोज १०, पेजमेकर आणि डोंगलवालं (म्हणजे मशीनला लायसन्सची चावी लावल्यावरच चालणारं) मराठी फॉन्टचं पॅकेज. १० चा सपोर्ट संपला म्हणतात. कॉम्प्युटरवाला म्हणतो याच मशीनवर ११ टाकून देतो, काही होत नाही. टाकू का?

उत्तर : आत्ता तरी त्याला नाही म्हणा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, तुमचं मशीन त्यात बसत नाही. तपासणी टाळून ११ टाकता येतं हे खरंय, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग ज्या सुरक्षेसाठी एवढा खटाटोप करायचा तीच बेभरवशाची झाली ना.

आणि मला खरी काळजी तुमच्या डोंगलची वाटते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम त्यावर बरेचदा चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू विंडोजला ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, ६४ बिटचाच लागतो, आणि डोंगल चालतं ते ड्रायव्हरवर. त्यात ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षेची सोय आहे, ती चालू असली की कित्येक जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत. म्हणजे विंडोज एकदम झकास सुरू होईल आणि पत्रिका उघडली की फॉन्टच्या जागी नुसता कचरा दिसेल, तोही ऐन लग्नसराईत. तेव्हा आधी फॉन्टवाल्या कंपनीला फोन करून विचारा, ११ साठी ड्रायव्हर आहे का, डोंगल बदलून मिळतं का.

तोवर काय, तर विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापराच्या मशीनना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेत. त्यासाठी मशीनवर २२एच२ व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट पाहिजे, सेटिंगचा बॅकअप त्या अकाउंटला चालू केला की पैसे पडत नाहीत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते, आजच करून टाका. पुढे नवं मशीन घ्याल तेव्हा जुनं भंगारात देऊ नका, नेट काढून डोंगलसकट बाजूला ठेवा, जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली त्यावरच उघडतील. आणि सगळ्या फायली, फॉन्टसकट, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

प्रश्न : मी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. नवं व्हर्जन आलं की दादा म्हणतो लगेच टाक, मैत्रीण म्हणते अपडेटच बंद करून ठेव, बग असतात. प्रोजेक्टचं सगळं लॅपटॉपवर आहे, कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही अर्धं अर्धं. अपडेट दोन प्रकारचे असतात आणि सगळा घोळ ते एकच समजल्याने होतो. वर्षातून एकदा येतं ते नवं व्हर्जन, त्याला थांबा. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री, येतात ते सुरक्षेचे, त्यांना थांबवू नका.

नव्याला का थांबायचं ते २०१८ चं उदाहरण बघ. २ ऑक्टोबरला विंडोज १० चं १८०९ व्हर्जन आलं आणि काही लोकांच्या फायलीच गायब झाल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवला होता पण जुन्या जागी काही फायली तशाच राहिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर अपडेटने रिकामी डुप्लिकेट समजून उडवला. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टला ते व्हर्जन मागे घ्यावं लागलं, परत आलं ते १३ नोव्हेंबरला. वाईट याचं वाटतं की चाचणी करणाऱ्या काही लोकांनी हे आधीच कळवलं होतं, ते ढिगात दबून गेलं. आणि ते व्हर्जन पहिल्यांदा मिळालं कोणाला, तर ज्यांनी स्वतः जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' दाबलं त्यांना! म्हणून हौसेने ते बटण दाबत बसू नकोस, आणि नवीन अपडेट सगळ्यात आधी मिळण्याचा जो स्विच असतो तो बंद ठेव.

२०२४ मध्ये ११ चं २४एच२ आलं तेव्हा डब्ल्यूडी कंपनीच्या काही एसएसडी डिस्क असलेली मशीन निळी स्क्रीन येऊन बंद पडायला लागली, मग अशा मशीनना मायक्रोसॉफ्टने ते व्हर्जन देणंच रोखून धरलं. त्यामुळे तुझ्या मशीनला नवं व्हर्जन अजून दिसत नसेल तर त्याला बहुतेक काहीतरी कारण असतं. दादा मायक्रोसॉफ्टच्या इन्स्टॉलेशन असिस्टंट प्रोग्रॅमने किंवा पेन ड्राइव्हने जबरदस्तीने टाकायला गेला तर तो अडथळा ओलांडला जातो, तसं करू देऊ नकोस. महिना दोन महिने जाऊ दे.

आता मैत्रिणीचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर कॉम्प्युटर लॉक केले, ब्रिटनमधली हॉस्पिटलंसुद्धा, आणि ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच आला होता. दोन महिने लोकांनी तो टाकलाच नव्हता. जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, तो पसरायला इतर मार्गांबरोबर तीच फट वापरत होता, आणि त्यात आपल्या न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. हे वाचून तरी अपडेट बंद ठेवू नका, मनापासून सांगतोय. प्रोजेक्टची एक कॉपी मात्र कायम लॅपटॉपच्या बाहेर पाहिजे, पेन ड्राइव्ह म्हण किंवा क्लाउड.

प्रश्न : आमच्या काकांच्या लॅपटॉपने अपडेटनंतर ४८ आकडी की मागितली. आमच्याही लॅपटॉपला मागेल का? (सातारा)

उत्तर : मागू शकतो. ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क लॉक करण्याच्या सोयीची, रिकव्हरी की. २४एच२ पासून नव्याने विंडोज टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की होम एडिशनवरही डिस्क बहुतेक मशीनवर आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते, पुष्कळांना ते माहीतच नसतं. काही कारणाने स्टार्टअपमध्ये बदल झालाय असं वाटलं की मशीन की मागतं आणि ती नसेल तर आतला डेटा गेलाच समजा. काकांना सांगा, दुसऱ्या मोबाइलवरून त्याच अकाउंटने मायक्रोसॉफ्टच्या साइटवर जाऊन डिव्हाइसेसमध्ये बघा, बहुधा तिथे असते. तुम्ही तुमची आजच बघून कागदावर लिहा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको, घरातल्या कपाटात ठेवा.