स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात नेमकं काय घडतं?

तुमच्या बहिणीला एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून स्टेरॉइड दिलं आणि बाळंतपण निदान एक दिवस तरी लांबवायचा प्रयत्न करू म्हणाले. औषध दिलंय तर आता वाट कशाची बघायची, हा तुमचा प्रश्न. उपचाराविषयी तिचे डॉक्टरच सांगतील. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे पेशीच्या आतली बाजू सांगते. वाट बघायची ती बाळाची एन्झाइम्स कामाला लागण्याची.

त्या इंजेक्शनात सर्फॅक्टंट नसतं. सर्फॅक्टंट म्हणजे वायुकोशांच्या (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या) ओल्या आतल्या बाजूवर पसरलेला स्निग्ध थर. तो नसला की पाण्याच्या पृष्ठताणामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटतात आणि दर श्वासाला ते नव्याने उघडता उघडता बाळ दमून जातं. अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या श्वसनविकाराने दगावत, त्यात नेमका हाच पदार्थ कमी असतो, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेर मीड यांनी १९५९ साली दाखवलं.

हा थर वायुकोशांतल्या टाइप-२ पेशी बनवतात. त्यात सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ असतात आणि त्यांतला मुख्य फॉस्फॅटिडिलकोलीन. तो तीन टप्प्यांत तयार होतो. कोलीन कायनेज कोलीनला फॉस्फेट जोडतं, सीसीटी नावाचं एन्झाइम त्यापासून सीडीपी-कोलीन बनवतं आणि तिसरं एन्झाइम ते डायग्लिसराइडला जोडतं. यातलं सर्वांत संथ सीसीटी, म्हणून उत्पादनाचा वेग तेच ठरवतं. पेशीतल्या द्रवात सुटं असताना ते जवळजवळ निष्क्रिय असतं. पेशीतल्या पटलाला, म्हणजे तिथल्या पातळ स्निग्ध पडद्याला, चिकटलं की जागं होतं.

बरीच पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात, आणि मला ते खटकतं. हे तीन टप्पे शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशींत होतात. फुप्फुसाचं खरं वैशिष्ट्य पुढच्या दुरुस्तीत आहे. नव्या रेणूला मेदाम्लांच्या दोन लांब शेपट्या असतात; त्यांपैकी एक बहुधा असंतृप्त, म्हणजे वाकडी असते. फॉस्फोलायपेज ए-२ ती कापून टाकतं आणि एलपीकॅट-१ हे एन्झाइम तिथे सरळ पामिटिक आम्ल बसवतं. काडेपेटीत सरळ काड्या दाटीने बसतात, एखादी वाकडी असली तर जागा अडते, तसंच इथे. दोन्ही शेपट्या सरळ झालेले हे डीपीपीसीचे रेणू श्वास सोडताना इतके दाट बसतात की पृष्ठताण शून्याच्या जवळ येतो. तयार माल मग एबीसीए-३ हे वाहक प्रथिन साठवणीच्या कोशिकांमध्ये भरतं. या प्रथिनाच्या जनुकात गंभीर दोष असेल, तर पूर्ण दिवसांच्या बाळालाही श्वास घेणं अवघड जातं.

आता इंजेक्शनाकडे येऊ. स्टेरॉइड पेशीत शिरून जनुकांवर काम करतं. फॅटी ॲसिड सिंथेज या एन्झाइमचं उत्पादन वाढतं, त्यातून मेदाम्लं वाढतात आणि ही मेदाम्लंच सीसीटीला पटलाशी नेऊन जागं करतात. मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: कच्चा मालच संथ एन्झाइमला हलवतो. सोबत सर्फॅक्टंटची प्रथिनंही वाढतात. जनुक वाचणं, एन्झाइम घडणं, स्निग्ध पदार्थ साठणं, तो पेशीबाहेर येणं, या सगळ्याला तास लागतात. म्हणून पहिल्या डोसनंतर साधारण २४ तास मिळाले तर फायदा चांगला होतो. अर्थात प्रसूती त्याआधी झाली तरी डोस वाया गेला असं समजू नका.

कुठलंही स्टेरॉइड मात्र चालत नाही. आईच्या कॉर्टिसॉलपासून बाळाला जपण्यासाठी वारेत एक एन्झाइम असतं. ते प्रेडनिसोलोनलाही बरंचसं निष्प्रभ करतं. बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोन त्याच्या तावडीतून बऱ्यापैकी सुटतात, म्हणून हीच दोन वापरतात.

काय खायला दिलं तर बाळाचं सर्फॅक्टंट वाढेल, असंही तुम्ही विचारलंय. अंडी, दूध, डाळी तिने जरूर खाव्यात, पण दोन दिवसांत ही एन्झाइम्स वाढवेल असा कुठलाही पदार्थ नाही. तिला मधुमेह असेल तर साखर काटेकोर सांभाळा: बाळाच्या रक्तात इन्सुलिन वाढलं की सर्फॅक्टंटचं काम मागे पडतं. स्टेरॉइडने आईची साखरही काही दिवस चढते, तेव्हा तपासण्या चुकवू नका.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत अशा कळा आल्या, तर ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दर १२ तासांनी, असे चार डोस देतात. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम ताईही (आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिका) देऊ शकतात. बहिणीला दुसरीकडे हलवायची वेळ आली तर कोणता डोस किती वाजता दिला, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना तेच आधी लागेल.